नव्या शहरात कॅमेरा बॅगेतच राहतो तेव्हा: नागपुरात नव्याने आलेल्या फोटोवेड्यांसाठी

बदली, लग्न, शिक्षण, मिहानमधली नोकरी, एम्समधली ड्यूटी. नागपुरात येण्याचं कारण काहीही असो, फोटोचा नाद असलेल्या माणसाची तक्रार साधारण एकच असते. सामान लागलं, गॅस सुरू झाला, पहिल्याच महिन्यात फुटाळा, दीक्षाभूमी, झिरो माइल सगळं काढून झालं. त्यानंतर कॅमेरा जो कपाटात गेला तो गेला. बाहेर काढलाच तर चौकात उभं राहून काय काढायचं ते कळत नाही, आणि जे निघतं ते कुणीही काढलं असतं असं वाटतं.

मी मूळची रत्नागिरीची. नागपुरात आता चांगली मुरले आहे, आणि दरवर्षी कुणी ना कुणी नवखं हेच गाऱ्हाणं घेऊन येतं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढते.

माझं म्हणणं थोडक्यात असं. आटली आहे ती माहिती, कल्पनाशक्ती नव्हे. जुन्या गावात कुठल्या बोळात साडेचारला ऊन शिरतं, कुठला दुकानदार फोटो काढला की खूश होतो आणि कुठला खेकसतो, जत्रेत कुठल्या कट्ट्यावर उभं राहायचं, हे तुम्हाला विचार न करता माहीत होतं. ते सामानाच्या ट्रकमधून येत नाही. इथे ते नव्याने गोळा करावं लागतं, आणि त्याला अडीच-तीन महिने लागतात. ‘प्रेरणा’ शोधत यूट्यूबवर बसण्यात तो वेळ घालवू नका. नवी लेन्सही घेऊ नका. हा सल्ला कुणालाच आवडत नाही, तरी देते.

आधी नेमकं काय अडलंय ते बघा

जुन्या गावातले तुमचे आवडते ५० फोटो आणि नागपुरात आल्यापासूनचे ५० फोटो कॉम्प्युटरवर दोन फोल्डरमध्ये टाका. फोटो चांगला की वाईट हे बघायचं नाही. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये वेळ आणि फोकल लेंग्थ (लेन्स किती जवळ ओढते ते सांगणारा एमएममधला आकडा) नोंदलेली असते, ती वाचा. शेजारी कागदावर तीन रकाने करा: किती वाजता काढला, किती लांबून काढला, फोटोतल्या माणसाला तुम्ही तिथे आहात हे माहीत होतं का.

तासाभरात चित्र स्पष्ट होतं. बहुतेकांचं वेळेत बिनसलेलं असतं: जुने फोटो सकाळी सात-साडेसातचे, नागपूरचे रविवारी अकराचे. काहींचं अंतर वाढलेलं असतं. तिकडे ३५ एमएमवर दोन मीटरवरून काढणारा माणूस इथे २०० एमएम लावून रस्त्याच्या पलीकडून काढतोय. तिसरी तऱ्हा म्हणजे फोटोत माणूसच नाही, नुसत्या इमारती आणि तलाव. ज्याचं जे बिघडलंय त्याने तिथून सुरुवात करावी. सगळ्यांनी सगळं करायची गरज नाही.

चौथी शक्यताही असते, ती फोटोपलीकडची. नव्या गावात महिनोन्‌महिने झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, फोटोच काय पण कशातच मन लागत नसेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांशी बोला. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

घड्याळ नागपूरचं लावा

राज्य एकच, घड्याळात वेळ एकच, पण सूर्य वेगळा. नागपूर पुण्याच्या बरंच पूर्वेला आहे. रेखांशातला फरक पाच अंशांहून थोडा जास्त. एका अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्य इथे सरासरी वीस-एकवीस मिनिटं आधी डोक्यावर येतो, मुंबईच्या मानाने पंचवीस मिनिटं आधी. त्यात नागपूर उत्तरेलाही आहे, त्यामुळे ऋतूप्रमाणे फरक कमी-जास्त होतो. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमाराला मावळणारा सूर्य नागपुरात साडेपाचलाच जातो. मे महिन्याच्या अखेरीस इथे साडेपाचला उजाडतं, पुण्यात तेव्हा सहा वाजायला येतात.

‘ऑफिस सुटल्यावर जाता जाता दोन फोटो’ या सवयीवर ज्यांची फोटोग्राफी चालत होती, त्यांची ती सवय नागपुरातल्या पहिल्याच हिवाळ्यात मोडते. सहाला बाहेर पडावं तर अंधार. माणसाला वाटतं आपला उत्साह मावळला, मावळलेला असतो फक्त सूर्य. यावर उपाय एकच: संध्याकाळ सोडा आणि सकाळ धरा. नाहीतर मावळतीनंतरच्या निळसर उजेडाचं बघा. तो साधारण वीस-पंचवीस मिनिटं टिकतो, आणि डिसेंबरात तो पावणेसहाच्या आसपास असतो. थोडं लवकर ऑफिसातून निघता आलं तर बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, मेन रोडवर दुकानांचे दिवे आणि आकाश दोन्ही एकाच एक्स्पोजरमध्ये बसतात.

दुसरी गोष्ट सूर्याच्या उंचीची. नागपूरचा अक्षांश २१ अंशांच्या थोडा वर. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला सूर्य इतका नेमका डोक्यावर येतो की उभ्या खांबाची सावली खांबाखालीच राहते. त्या उजेडात माणसाच्या डोळ्यांच्या खोबण्या काळ्या दिसतात, रंग उडतात, आकाश धुळीने पांढरं पडतं. उलट डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य साधारण ४५ अंशांच्या वर जात नाही. म्हणजे तुमच्या उंचीएवढी लांब सावली भर बाराच्या सुमारालाही पडते. ‘दुपारी फोटो काढू नयेत’ हा नियम नागपूरच्या हिवाळ्यात सरळ धाब्यावर बसवा. डिसेंबर-जानेवारीत दिवसभर उजेड तिरका आणि स्वच्छ असतो. नव्याने आलेल्यांपैकी ज्यांची बदली ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते ते या बाबतीत नशीबवान.

पहिल्याच रविवारी करण्याजोगं काम: घराच्या गच्चीवर जाऊन सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला सूर्य कुठल्या इमारतीमागे दिसतो ते टिपून ठेवा. मग तुमच्या रस्त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघा. पूर्व-पश्चिम रस्ता असेल तर सकाळी आणि संध्याकाळी उजेड रस्त्याच्या लांबीतून येतो, माणसं एका बाजूने उजळतात किंवा पाठीमागून कडा उमटतात. दक्षिण-उत्तर रस्त्यावर ऊन आधी एका फुटपाथवर, दुपारनंतर दुसऱ्या फुटपाथवर. एवढं कळलं तरी अर्धा गोंधळ संपतो.

पंधरा दिवस फक्त हिंडा

पहिल्या पंधरवड्यात चांगला फोटो निघालाच पाहिजे ही अट काढून टाका. खिशात फोन असू द्या, कॅमेरा घरी.

शहराचा नकाशा डोक्यात बसवायला मेट्रोसारखं स्वस्त साधन नाही. ऑरेंज मार्गिका खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत, म्हणजे दक्षिणोत्तर. अ‍ॅक्वा मार्गिका लोकमान्यनगरपासून प्रजापतीनगरपर्यंत, पूर्व-पश्चिम. दोन्ही सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. मार्ग बहुतेक उंचावरून जातो, त्यामुळे गच्च्या, पाण्याच्या टाक्या, अंबाझरीचं पाणी, मोकळे भूखंड, सगळं वरून दिसतं. एक फेरी सकाळी, एक संध्याकाळी करा. कुठे उतरून चालावंसं वाटलं ते स्टेशन लिहून ठेवा. कारण शोधू नका, नुसतं नाव लिहा.

मग त्या स्टेशनांवर उतरून चाला. अनेकजण हे कंटाळवाणं म्हणून टाळतात आणि थेट ‘नागपूरमधली १० प्रेक्षणीय स्थळं’ गाठतात. त्या स्थळांवर माझा राग नाही. फुटाळ्याच्या काठावरून सूर्यास्त सुंदरच दिसतो. पण तिथे तुमच्या आधी येऊन गेलेल्यांनी कुठे उभं राहायचं ते ठरवूनच ठेवलंय, आणि नवखा माणूस नकळत तिथेच उभा राहतो. मग फोटो त्यांच्यासारखाच येतो आणि तुम्ही घरी येऊन स्वतःवर वैतागता. पहिले दोन-तीन महिने ही ठिकाणं फक्त पाहुण्यांना दाखवायला ठेवा.

हिंडताना छोट्या वहीत दिवसाला तीन ओळी पुरेत: वेळ, जागा, उजेड कुठून. ‘सकाळी ७.२०, कॉटन मार्केट, भाजीच्या पोत्यांवर मागून ऊन’ एवढंच. ही वही पुढे सोन्याच्या मोलाची ठरते, कारण काही सुचत नाही त्या दिवशी वही उघडायची आणि लिहिलेल्या वेळी लिहिलेल्या जागी जायचं.

एक तुकडा निवडा आणि त्याला सोडू नका

सगळ्या लेखातलं महत्त्वाचं काम हे. शहर फार मोठं असतं, फोटो काढायला लागतो तीनशे मीटरचा रस्ता.

निवडताना हे बघा: घरापासून पायी किंवा गाडीने दहा मिनिटांच्या आत असावा, नाहीतर जाणं होत नाही. तिथे सकाळी काहीतरी काम चालत असावं, म्हणजे माल उतरवणं, दुकान उघडणं, इस्त्री, पंक्चर. एक तरी भिंत तिरक्या उन्हात येणारी असावी. आणि बसायला चहाची टपरी हवी. ही अट ऐच्छिक नाही.

महाल, इतवारी, गांधीबाग यांच्या आसपास राहणाऱ्यांना निवडायला कष्ट नाहीत. जुने वाडे, अरुंद गल्ल्या, घाऊक बाजार, हातगाड्या, सगळं हाताशी. अडचण त्यांची होते जे बेसा, मनीषनगर किंवा मिहानच्या बाजूला नव्या फ्लॅट स्कीममध्ये राहतात. ‘आमच्याकडे काढण्यासारखं काही नाही हो’ असं ते म्हणतात. मला तर तो भाग जास्त खुणावतो. अर्धवट बांधकामं, प्लॉटच्या मालकीचे बोर्ड, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आणि उन्हाळ्यात त्याच मातीला पडलेल्या हातभर भेगा, लेआउटच्या शेवटच्या दिव्याखाली थांबलेला पाणीपुरीचा ठेला. शहर तिथे अजून तयार व्हायचंय. इतवारी पुढच्या वर्षीही असेल. तो मोकळा प्लॉट नसेल.

आता एका टपरीपुढे उभं राहून काय करायचं ते बघू. तर्री-पोह्यांचा ठेला घ्या, कारण नागपुरात तो सकाळी हमखास सापडतो. मोठ्या परातीत वाफाळते पोहे, शेजारी पातेल्यात काळ्या हरभऱ्याची लाल तर्री, वर तेलाचा तवंग. गिऱ्हाईक प्लेट पुढे करतं, ठेलेवाला पोहे घालतो, पळीने तर्री ओततो, मूठभर कांदा, लिंबाची फोड. ही सगळी हालचाल काही सेकंदांत उरकते आणि तासाभरात शेकडो वेळा घडते. म्हणजे तुम्हाला एकच क्षण पुन्हा पुन्हा मिळतो. नवख्या माणसाला यापेक्षा चांगली शाळा नाही.

पहिल्या दिवशी नुसते पोहे खा. ऊन कुठून येतं ते बघा. वाफ दिसायला ऊन ठेल्याच्या मागून आणि पार्श्वभूमी काळोखी हवी: बंद शटर, झाडाची सावली, निळी ताडपत्री. समोरून ऊन असेल तर वाफ फोटोत येतच नाही, कितीही महागडा कॅमेरा असो. दुसऱ्या दिवशी त्या बाजूला उभे राहा, एक्स्पोजर एक स्टॉप कमी करा (म्हणजे कॅमेऱ्यात उजेड निम्मा घ्या), शटर १/५०० ठेवा आणि फक्त पळी आणि प्लेट यांच्यामधल्या जागेकडे लक्ष द्या. चेहरा नको, आकाश नको, बोर्ड नको. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांचे हात. चौथ्या दिवसापासून ठेलेवालाच सांगतो, ‘ताई, इकडून काढा न, इकडून मस्त दिसते.’ बहुतेक वेळा त्याचं बरोबर असतं, कारण तो त्या जागी वर्षानुवर्षं उभा आहे.

आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी अर्धा तास, त्याच तुकड्यात. सहा आठवडे. कंटाळा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतो आणि तेव्हाच बहुतेकजण जागा बदलतात. बदलू नका. ढोबळ गोष्टी काढून संपल्या की मगच डोळा बारीकसारीक गोष्टींकडे वळतो.

माणसांजवळ जायचं कसं

अंतर वाढलेल्यांसाठी हा भाग आहे.

नागपूरची मराठी कानाला वेगळी लागते. ‘काय करून राहिले?’, ‘कायले काढून राहिल्या फोटो?’ हे पहिल्यांदा ऐकलं की पुण्या-कोकणाकडच्या माणसाला वाटतं आपल्याला हटकलं. बहुतेकदा ती निव्वळ चौकशी असते. बाजारात निम्मं बोलणं हिंदीतून चालतं. तिथे मराठीचा हट्ट धरू नका आणि आपल्या बोलीची लाजही धरू नका. ‘भाऊ, मी इथे नवीन आहे, तुमच्या दुकानाचा फोटो काढू का?’ यातलं ‘नवीन आहे’ फार उपयोगी पडतं. मग समोरचा माणूस तुम्हाला शहर समजावून सांगायला लागतो. कुठली मिसळ खायची, कुठल्या नातेवाइकाचं गाव तुमच्या गावाजवळ आहे, सगळं. त्या बोलण्यात कॅमेरा आपोआप जवळ येतो.

नाही म्हटलं तर ‘बरं’ म्हणून पुढे जायचं. लपून काढायचं नाही. बायकांचे, लहान मुलांचे फोटो काढताना सोबतच्या मोठ्यांना विचारल्याशिवाय शटर दाबू नका.

आणि प्रिंट द्या. चार बाय सहाची प्रिंट चहा-नाश्त्याच्या पैशांत निघते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो दुसऱ्या दिवशी विसरला जातो. प्रिंट गल्ल्याच्या मागे देवाच्या तसबिरीशेजारी लागते. मग त्या रस्त्यावर तुम्ही परके राहत नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलीला बर्डीतल्या चपला शिवणाऱ्या काकांनी प्रिंट मिळाल्यावर स्वतःच्या नातवाच्या बारशाला बोलावलं. तिथले फोटो तिच्या वर्षभरातल्या सगळ्या फोटोंपेक्षा सरस आहेत, आणि त्यात एकही प्रेक्षणीय स्थळ नाही.

तरीही हात चालत नसेल तर स्वतःला बांधून घ्या

पर्याय फार असले की डोकं बंद पडतं. म्हणून ते कमी करा.

एकच लेन्स, झूम नाही. ३५ किंवा ५० एमएम. फोनवर असाल तर दोन बोटांनी झूम करायला बंदी.

एकच एक्स्पोजर. लख्ख उन्हात आयएसओ २००, एफ ८, १/८००. मोकळ्या सावलीत तेच सगळं, फक्त शटर १/१००. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा आणि आठवडाभर या दोनच आकड्यांत काम करा. स्क्रीनकडे बघणं थांबतं, रस्त्याकडे बघणं सुरू होतं.

एकच चौकट. ट्रायपॉड नको, रस्त्यावरच्या एखाद्या खुणेशी, म्हणजे डीपीच्या खांबाशी किंवा पायरीशी पाय टेकवून उभे राहा आणि तीच फ्रेम सकाळी सातला, अकराला, साडेतीनला आणि मावळतीला काढा. चार फोटो शेजारी ठेवले की त्या जागेबद्दल जे कळतं ते दहा लेख वाचून कळत नाही. हा मला सर्वांत गुणकारी वाटलेला प्रयोग आहे. बाकीचे केले नाहीत तरी हा करा.

विषयांच्या याद्या मात्र टाळा. ‘आज लाल रंग, उद्या वर्तुळं’ हे शाळेतल्या गृहपाठासारखं होतं आणि आठवड्यात सुटतं.

उन्हाळ्याचं काय करायचं

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांकडे जातो आणि काही दिवशी ओलांडतो. या दोन महिन्यांत बाहेरून आलेल्यांची फोटोग्राफी पार थांबते. थांबू द्यायची नसेल तर वेळापत्रक उलटं करा: पहाटे पाच ते साडेसात, मग थेट रात्री आठनंतर. मधल्या वेळेत लू लागण्याइतकी मोठी कला कुणाच्याही कॅमेऱ्यात नाही.

कॅमेऱ्याचंही ऐका. बहुतेक कंपन्या ० ते ४० अंश हीच वापराची मर्यादा देतात. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला कॅमेरा त्याच्या कितीतरी पुढे जातो. पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून, सीटखाली, सावलीत ठेवा. व्हिडिओ काढताना बॉडी लवकर तापते. आणखी एक गोष्ट नवख्यांना कुणी सांगत नाही: नागपूरचा उन्हाळा कोरडा असला तरी कूलर लावलेली खोली दमट असते. लेन्सला बुरशी लागण्याची भीती कोकणात असते, विदर्भात नाही, असं समजून लेन्स कूलरसमोरच्या कपाटात उघड्या ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. जुलैत एसीतून थेट बाहेर पडलात तर काच धुकटते. बाहेर आल्यावर बॅग अर्धा तास बंदच राहू द्या.

उन्हाळ्यात काढायचं काय? उन्हाळाच. मार्चपासून रस्त्याकडेला कूलर धुऊन वाळत घातलेले दिसतात, जाळीत नवं गवत भरणारे कारागीर बसतात, पत्र्यांना रंग चढतो. डोळे सोडून सगळा चेहरा दुपट्ट्यात गुंडाळलेल्या दुचाकीवाल्या मुली, सिग्नलला झाडाच्या सावलीच्या पट्ट्यातच दाटीने थांबलेल्या गाड्या आणि पुढे मोकळं पडलेलं ऊन, दुपारी तीनला चिटपाखरू नसलेला रुंद रस्ता. हे दुसऱ्या गावात मिळणार नाही. बाहेरून आलेल्याला ते जास्त दिसतं, नागपूरकराला त्याचं काही वाटत नाही. एवढ्यापुरता नवखेपणा फायद्याचा.

दुपारी घरातच काढा. खिडकीत कूलर बसवला की खोलीत उजेड फक्त त्याच्या कडांमधून येतो, पट्ट्यापट्ट्यांनी. त्या पट्टीत माठ ठेवा, झोपलेल्या माणसाचा हात येऊ द्या, पन्ह्याचा ग्लास ठेवा. घरातच काय काढायचं असं वाटत असेल तर प्रागच्या जोसेफ सुडेक या फोटोग्राफरचं काम बघा. पहिल्या महायुद्धात त्याने उजवा हात गमावला होता. १९४० पासून पुढे अनेक वर्षं तो आपल्या स्टुडिओच्या एकाच खिडकीचे फोटो काढत राहिला: दव धरलेली काच, बाहेरचं वाकडं झाड, आतला ग्लास. नागपूरच्या मे महिन्यात तो माणूस मला फार जवळचा वाटतो.

मारबत, दसरा आणि संत्री

सणांच्या गर्दीत फोटो आयते मिळतात असं वाटतं. मिळतात, पण ते सगळ्यांना मिळतात.

मारबत नागपूरचीच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठे पुतळे, मिरवणुकीने निघते. सोबत चालू घडामोडींवर टोमणे मारणारे बडगे नावाचे पुतळे. ‘घेऊन जा गे मारबत’ असा घोष करत रोगराई, महागाई, भ्रष्टाचार सगळं तिच्यासोबत गावाबाहेर पाठवतात. एकोणिसाव्या शतकापासून हे चालू आहे. मिरवणुकीत धक्के खात उंच हाताने काढलेले फोटो सगळ्यांचे सारखेच येतात. त्यापेक्षा आधीचे काही दिवस पुतळे घडत असतात तिथे जा. बांबूचा सांगाडा, त्यावर चिकटवलेले कागद, रंगाचे डबे, हात पिवळे झालेली पोरं. तिथे वेळ असतो, बोलता येतं, उजेड निवडता येतो. मिरवणुकीच्या दिवशी तीच पोरं तुम्हाला गर्दीत जागा करून देतात.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली, तो दिवस अशोक विजयादशमीचा होता. नवखा फोटोवाला स्तूप आणि गर्दी काढतो. पुस्तकांच्या स्टॉलपाशी थांबून बघा. लांबून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं आधी पुस्तकं हाताळतात, किंमत विचारतात, पिशवीत जपून ठेवतात. थकून रस्त्याकडेला झोपलेल्यांवर मात्र कॅमेरा रोखू नका. ती माणसं श्रद्धेने आलेली आहेत.

संत्र्यांचं वेळापत्रक लक्षात ठेवा: आंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाची फेब्रुवारीपासून. कळमना बाजारात पहाटे ढिगांवर दिव्यांचा उजेड असतो. रंग उठावदार म्हणून सॅच्युरेशन वाढवायचा मोह होतो, संत्र्याला त्याची गरज नाही.

कुठे कॅमेरा काढू नये

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, वर्षातल्या मोजक्याच दिवशी तो सर्वांना खुला होतो. कामठीची छावणी, वायुसेनानगरचा परिसर आणि महालातला बंदोबस्ताचा भाग इथे कॅमेरा बॅगेतच ठेवा. मेट्रो आणि रेल्वे स्थानकात मोठा कॅमेरा काढण्याआधी तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा. विमानतळ आणि हवाई दलाची ठाणी यांच्यामुळे शहराच्या मोठ्या भागात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा आधी बघा.

निवड, आणि जुन्या गावाचं भूत

आठवड्याचे फोटो त्याच रात्री बघू नका. आठ-दहा दिवस जाऊ द्या. काढतानाचा उत्साह किंवा वैताग ओसरला की फोटो फोटोसारखा दिसतो. पहिले तीन महिने इन्स्टाग्रामवरही काही टाकू नका. जुने फॉलोअर तुमचे जुन्या गावातले फोटो मागत राहतात, आणि तुम्ही नागपूरला त्या साच्यात कोंबायला लागता.

हे भूत खरं आहे. रत्नागिरीच्या दमट, ओल्या उजेडाची डोळ्याला सवय. हिरवा रंग, मऊ सावल्या. इथल्या कोरड्या हवेत कॉन्ट्रास्ट करकरीत येतो, मातीचा रंग वेगळा, आकाश निम्मं वर्ष फिकट. कोकणातले जुने प्रीसेट (एडिटिंगचे जतन केलेले साचे) नागपूरच्या फोटोंवर लावले की फोटो आजारी दिसतात. ते प्रीसेट पुसून टाका. हायलाइट, म्हणजे फोटोतले सर्वांत उजळ भाग, जपून एक्स्पोज करा, पांढरं आकाश फ्रेमबाहेर ठेवा, काळ्या सावल्यांना काळं राहू द्या.

सहा आठवडे झाले की ३० प्रिंट काढून जमिनीवर पसरा. काही गोष्टी पुन्हा पुन्हा आलेल्या दिसतील, ज्या तुम्ही ठरवून काढल्या नव्हत्या. एकाला सगळीकडे ताडपत्र्या सापडल्या. दुसरीला पाठमोरी माणसं. जे सापडेल तोच तुमचा नागपूरमधला पहिला विषय. पुढचे सहा आठवडे फक्त त्याच्यामागे, आणि आता तीनशे मीटरच्या बाहेर पडायला हरकत नाही.

रविवार सकाळचे फोटोवॉक शहरात बरेच होतात. त्यांना जायचं ते यानंतर. आधी गेलात तर वीस माणसं ज्या म्हाताऱ्याभोवती उभी राहतात त्याचाच फोटो तुमच्याकडेही येतो. आपला विषय हातात घेऊन गेलात तर निदान त्या भागातल्या ताडपत्र्या कुठे आहेत ते विचारायला माणसं मिळतात.